आतून लावलेली वेस

अण्णा, ज्या हॉटेलची वेस तुम्ही रोज संध्याकाळी लावायचात, त्या हॉटेलवर आता पुस्तक निघतंय. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पाहुण्यांच्या खोलीत टीपॉयवर ठेवतात ना, तसलं. ते कोणी वाचत नाही, पण कोणी त्यावर चहाचा कप ठेवला की हाउसकीपिंगवाल्यांचा जीव खालीवर होतो. मी इथे वेलिंग्टनच्या एका हॉटेलात ड्यूटी मॅनेजर आहे, तसली पुस्तकं रोज सरळ करून ठेवते, म्हणून सांगते. तर त्या पुस्तकात त्यांना तुमचा फोटो छापायचा आहे आणि खाली चार ओळी. त्या चार ओळींनी गेले काही आठवडे माझं डोकं उठवलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या भांडणाला साक्षीदारही उरला नाही, आई नाही, आजा नाही. पण भांडण तुमच्याशी नाहीच, तुमच्या वतीने आहे. तुम्हाला न विचारता मी ते अंगावर घेतलंय, हे आधीच सांगून टाकते, नंतर बोलू नका.

पुस्तकाचं काम करणारी मुलगी मुंबईची आहे. हुशार आहे, गोड बोलते, वाक्यावाक्याला 'ॲबसोल्यूटली' म्हणते. इंटरनेटवर हॉटेलच्या एका जुन्या फोटोखाली मी कधीतरी 'हे माझे वडील' असं लिहिलं होतं, त्यावरून तिने मला हुडकून काढलं. पहिल्या व्हिडिओ कॉलला इकडे माझी संध्याकाळची भाजी फोडणीला पडलेली आणि तिकडे तिची जेवणाची सुट्टी, अशा वेळी तिने मला हॉटेलचा सगळा इतिहास वाचून दाखवला. कुण्या सुलतानाच्या सरदाराने गावाभोवती तट घातला, वेशी ठेवल्या, आत स्वतःसाठी गढी बांधली. मग मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. गढीत कधी सरदारांनी दरबार भरवला, कधी कलेक्टरसाहेबांनी मुक्काम ठोकला. मग गढी ओस पडली, वटवाघळं आली, आणि शेवटी मुंबईच्या कंपनीने ती विकत घेऊन तिला तिचं वैभव परत मिळवून दिलं. झालं. मधली कितीतरी वर्षं ती गढी कापसाचं गोदाम होती आणि आपल्या वस्तीतल्या बायका तिथे कापूस निवडायला जायच्या, त्यात माझी आजीही होती, ते वगळलंय. सुलतान चालतो, वटवाघळं चालतात, कापूस निवडणारी बाई चालत नाही. पुस्तकात गावाचा जुना नकाशाही आहे, पानभर, रंगीत. तट जिथे संपतो तिथे तो नकाशा संपतो आणि पुढे नक्षीची चौकट सुरू होते. आपली वस्ती त्या चौकटीच्या वेलबुट्टीखाली कुठेतरी येते. मी तिला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "ओह." मग ॲबसोल्यूटली म्हणाली.

आणि मग त्या चार ओळी. या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या नगराची वेस निष्ठेने राखली. हॉटेल सुरू झाल्यावर या परंपरेला पुन्हा उजाळा मिळाला. हे वेसकर निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी वेस बंद करीत. त्यांची कन्या आज न्यूझीलंडमध्ये पाहुणचाराचा तोच वारसा पुढे चालवत आहे. हे सगळं इंग्रजीत, साखर घोळवून. मी गॅस बंद केला. तिला म्हटलं, "मी काय इथे जॉन्सनव्हिलला वेस राखते का गं?" ती हसली, तिला वाटलं गंमत करतेय. मग माझ्या लक्षात आलं की या चार ओळींत तुमचं नावच नाही. विचारलं तर म्हणाली, हॉटेलच्या जुन्या पोस्टकार्डावर तुमच्या फोटोखाली नुसतं 'गेटकीपर' एवढंच छापलंय, ऑफिसात कोणाला नाव माहीत नाही. म्हणजे निष्ठा माहीत आहे, निवृत्ती माहीत आहे, पिढ्या माहीत आहेत. माणूस तेवढा माहीत नाही.

खरं काय ते तुम्हाला मी काय सांगायचं, मला तुम्हीच सांगितलंय. पण तिला सांगताना रागाने माझी जीभ अडखळली, इंग्रजी-मराठीची खिचडी झाली, म्हणून इथे एकदा नीट म्हणून बघते. आजा वेसकर होता. वेसकर म्हणजे काय, तर अंधार पडायच्या आत गावाची वेस लावायची, आल्यागेल्याला हटकायचं, गावात नवा माणूस दिसला की पाटलाला वर्दी द्यायची, आणि एवढं सगळं करून रात्री स्वतः मात्र वेशीबाहेर. ज्या गावाची राखण करायची त्या गावात निजायची मुभा नाही. खांद्यावर कांबळं, हातात घुंगराची काठी. काठी आपटत दारोदार गेलं की ओट्यावरून भाकरीचा तुकडा पडायचा. घुंगरं कशाला, तर हा येतोय हे लोकांना आधी कळावं म्हणून. पेठेतून जाताना पायातलं काढून काखेत मारायचं. धर्मांतराच्या वर्षी आज्याने दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पाटलाच्या ओट्यावर ती काठी ठेवली. "उद्यापासून येणार नाही," एवढंच म्हणाला. गावाने आपल्याला वाळीत टाकलं. वाण्याने मीठ बंद केलं, शेतावरची कामं बंद, पाण्याला नदीच्या खालच्या अंगाला जायचं. तुम्ही तेव्हा पोरसवदा. त्या वर्षी अळणी खायची जी सवय लागली ती तुमची मरेपर्यंत गेली नाही, आई चिडायची की माझ्या हाताला चव आहे की नाही हे या माणसाला कळतच नाही. तर ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा. निष्ठा कसली कपाळाची.

हॉटेल निघालं तेव्हा मी शाळेत होते. तुम्ही तिथे लॉन्ड्रीत लागलात, मोठाल्या चादरी इस्त्री करायचात, घरी यायचात तेव्हा अंगाला स्टार्चचा वास असायचा. तुमची उंची आणि मिशा मॅनेजरच्या नजरेत भरल्या, आणि गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की याचा बाप वेसकर होता. त्याच्या डोक्यात आलं की दिवेलागणीला पाहुणे गच्चीवर ग्लास घेऊन बसतात, तेव्हा खाली मशाली लावून वेस बंद करण्याचा देखावा करावा. खरं म्हणजे वेस लावून काहीच अडणार नव्हतं, पेठेच्या दुसऱ्या टोकाला तट ढासळून एवढं खिंडार पडलं होतं की एसटीसुद्धा तिथूनच आत यायची. पण पाहुण्यांना गच्चीवरून खिंडार दिसत नव्हतं. डेकोरेटरने मुंबईहून काठी करून आणली. तिच्यावर पोळ्याला अख्ख्या गावच्या बैलांना पुरतील एवढी घुंगरं होती. तुम्ही आम्हाला ती हलवून दाखवलीत आणि आई पदर तोंडाला लावून हसली होती.

पण ते नंतर. आधी ती संध्याकाळ. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, आजा दाराशी बसलाय, मी परवचा म्हणते आहे. तुम्ही पाय धुऊन आत येता आणि उभ्याउभ्याच सांगता की साहेबाने वेसकराचं काम दिलंय, मी हो म्हणून आलोय. आई तव्यावरची भाकरी उलटते, परत उलटते, उगाच. आजा तुमच्याकडे न बघता विचारतो, "मी टाकली ती तू उचलतो का रे?" तुम्ही म्हणता, "तुम्ही टाकली ती बळजबरीची होती. ही मी माझ्या मर्जीनं उचलतोय. मर्जीनं उचलतोय अन् मर्जीनं ठेवीन." आजा म्हणतो, "काठीला काय कळती मर्जी." मग तो उठतो, आपली वाकळ काखेत मारतो आणि काकाच्या घरी जातो, दोन घरं सोडून. त्यानंतर कितीतरी वर्षं तो आपल्याकडे जेवला नाही. वाटेत भेटला की माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि तुम्ही दिसलात की मान वळवायचा. वस्तीतलेही बोलायचे. विहारात पौर्णिमेला तुम्ही शेवटच्या ओळीत बसायचात.

तुमची अट तुम्ही आज्याला का सांगितली नाहीत, हे मला आजही कळलेलं नाही. हट्टी होतात, दुसरं काय. मॅनेजरला तुम्ही सांगितलं होतंत की वेस मी आतून लावणार, बाहेर उभा राहून नाही. लावून झाली की काठी घेऊन पेठेतून चालत जाणार, पायात बूट असणार, आणि पलीकडे खिंडारातून घरी जाणार. मॅनेजर दूर दक्षिणेकडचा, त्याला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं, पाहुण्यांना फुकटात मिरवणूक मिळाली. "व्हेरी गुड," म्हणाला. मला तरी कुठे कळलं होतं. शाळेत पोरी मला वेसकरीण म्हणायला लागल्या, मी रडत घरी आले आणि तुम्हाला म्हटलं, हे काम सोडा. तुम्ही चिडला नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी काळे बंदाचे बूट आणलेत, माझे पहिले बूट. म्हणालात, "हे घाल, संध्याकाळी माझ्याबरोबर चल. मग सांग सोडू का."

ती संध्याकाळ मी मुंबईच्या पोरीला सांगितली, ती लिहून घेत होती. तुम्ही वेशीची दोन्ही दारं आतून ओढता, अडसर सरकवता, मशालवाला बाजूला होतो. गच्चीवरून टाळ्या पडतात. तुम्ही वर बघतही नाही. वळता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा हात, आणि आपण पेठेत शिरतो. मागे पाच-सहा पाहुणे कॅमेरे घेऊन. घुंगरं वाजतायत, तुमचे बूट फरशीवर वाजतायत, माझे नवे बूट मला चावतायत. ज्या ओट्यांपुढे आज्याने पायातलं काखेत घेतलं होतं तेच ओटे. वाणी दुकानाच्या फळ्या लावतोय. तुम्ही थांबता आणि बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं विचारता, "काय शेठ, आज लवकर?" शेठला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. मागे गोरे पाहुणे उभे, त्यांच्यासमोर काय बोलणार. तो म्हणतो, "हो, जरा पावणे आलेत." पाटलाच्या ओट्यावर म्हातारा पाटील बसलेला, तोच, ज्याच्या ओट्यावर काठी ठेवली होती. तुम्ही त्याला नमस्कार करता, कमरेत न वाकता. म्हातारा कॅमेरे बघून गडबडतो आणि उठून उभा राहतो. अण्णा, तो तुमच्यासाठी नाही, फोटोसाठी उभा राहिला, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. पण तो उभा राहिला हे खरं. खिंडाराशी आल्यावर तुम्ही विचारलंत, "सोडू का काम?" मी म्हटलं, "उद्या परत जायचं." पाहुण्यांपैकी एका नवराबायकोने पाटलाच्या ओट्यापाशी पुढे धावत जाऊन तुमचा-माझा फोटो काढला होता, तो त्यांनी त्यांच्या देशात गेल्यावर पोस्टाने पाठवला. तोच आता जॉन्सनव्हिलच्या घरात माझ्या बैठकीत आहे.

रोज चाललात तुम्ही, पावसात, उन्हात, वर्षानुवर्षं. मग तो जुना मॅनेजर बदलून गेला आणि नवा आला, शिकलेला, पुस्तकं वाचलेला. त्याला देखावा 'ऑथेंटिक' हवा होता. त्याने वाचलं होतं की वेसकर अनवाणी असतो, कांबळं पांघरतो, वेशीबाहेर उभा राहतो. आणि गच्चीवरून एखाद्या पाहुण्याने टोपलीतून भाकरी खाली सोडावी, फोटो छान येतो. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. तुम्ही घरी येऊन सांगितलंत ते असं, की मी शेवटपर्यंत त्याचं बोलणं ऐकून घेतलं, मग रिसेप्शनच्या टेबलावर काठी ठेवली, आणि म्हटलं, उद्यापासून येणार नाही. नवी नोकरी हाताशी नव्हती. लॉन्ड्रीतली जुनी जागाही गेली होती. पुढे बसस्टँडच्या कँटीनमध्ये भट्टीच्या धुरात तुमची फुफ्फुसं खराब झाली ती झालीच. त्या रात्री मात्र आजा जेवायला आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, वस्तीत काय लपतं. पाटावर बसला. दोनदा वाढून घेतलं आणि आईला म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय." याला हे लोक निवृत्ती म्हणतात.

मध्येच एक सांगते, तुम्हाला आवडेल. इथे आमच्या हॉटेलने एकदा सगळ्या स्टाफला जवळच्या पोरिरुआ गावाच्या बाजूला एका मराएवर नेलं. मराए म्हणजे माओरी लोकांचं सभेचं आवार, त्यांचं सगळं तिथे चालतं, लग्न, मयत, सभा. फाटकाशी जाऊन सगळे थांबले. मला रीत माहीत नव्हती. सगळे फाटकाबाहेर उभे, आत माणसं दिसतायत, फाटक उघडं, आणि कुणी आत जाईना. माझ्या अंगात काय शिरलं, मी पर्स सावरली आणि सरळ आत चालायला लागले. मागून कोणी "नो, नो" करतंय. आतून एक म्हातारी पुढे आली, हनुवटीवर गोंदलेली, माझ्या आजीच्या वयाची. हळूच म्हणाली, अजून नाही बाई, आम्ही हाक मारली की यायचं. मी तिला म्हटलं, माझा आजा जन्मभर वेशीबाहेर उभा राहिलाय, मी उभी राहणार नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणं जाऊन असं बोलायचं नसतं, कळतं मला, पण तोंडातून निघून गेलं. म्हातारीने माझ्या मागे बोट केलं. मग म्हणाली, "मागे वळून बघ. तुझा बॉसही बाहेरच आहे." खरंच, आमचा जनरल मॅनेजर आणि आमचा भांडी घासणारा सामोअन गडी शेजारी शेजारी उभे होते, दोघांनी हात बांधलेले. मी मुकाट्याने परत गेले. मग तिने आतून लांबलचक सुरात हाक घातली आणि आम्ही सगळे एकदम आत गेलो. जिथे सगळेच थांबतात तिथे थांबायला माझी हरकत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. चहाच्या वेळी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आता तुझ्या आज्याचं सांग. सांगितलं सगळं. तिने मधे एकदाही ॲबसोल्यूटली म्हटलं नाही.

तर पुस्तक. त्या मुलीने मी सांगितलेलं सगळं लिहून वर पाठवलं आणि वरून निरोप आला की जातीचा उल्लेख नको, वाळीत टाकल्याचं नको, हे सेलिब्रेशनचं पुस्तक आहे, निगेटिव्ह वाटतं. ती म्हणाली, "मॅम, मी पर्सनली तुमच्या बाजूने आहे." पर्सनली बाजूने असणारी माणसं मी जन्मभर बघत आलेय, वेळेला त्यांची नेमकी मीटिंग असते. मी म्हटलं, मग छापूच नका. ती म्हणाली, छापणार तर आहेत मॅम, पोस्टकार्डाचा फोटो कंपनीचाच आहे, नाव न देता त्या चार ओळींसकट छापतील. म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर तुम्ही कायमचे बिननावाचे निष्ठावंत. नाव सांगितलं तर ते येईल, पण खाली तीच खोटी साखर. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं, पाहुणे पान उलटतायत, तुमच्या खाली 'लॉयल' वाचतायत आणि 'हाउ स्वीट' म्हणतायत.

मुलगा टोस्ट खात खात हे सगळं ऐकत होता. तुमचा नातू, तुम्ही पाहिलेला नाही, शाळेचं शेवटचं वर्ष आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाला, "मम, इट्स जस्ट अ कॅप्शन." मी म्हटलं, तुझ्या फोटोखाली कोणी 'नोकर' लिहिलं तर चालेल का? त्याने टोस्ट खाली ठेवला. मग म्हणाला, "फेअर इनफ. व्हॉट वॉज हिज नेम अगेन?" अण्णा, मला एवढा राग त्या कंपनीचा आला नव्हता. रागावणार तरी कोणावर. इथे शाळेत त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारतात आणि आडनावाने हजेरी घेतात, मधलं बापाचं नाव कोणी विचारतच नाही, मग आईच्या बापाचं कुठून लक्षात राहणार. मी म्हटलं, फोटोच्या मागे आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, काढ आणि वाच. त्याने फोटो भिंतीवरून उतरवला आणि तुमचं नाव असं काही उच्चारलं की तुम्ही ओ दिली नसती. पण वाचलं त्याने, दोनदा वाचलं.

पुढच्या कॉलला मी फोटो परत लावायला विसरले होते, तो खाली सोफ्याला टेकवलेला. त्या मुलीची नजर गेली. "मॅम, हा कोणता फोटो?" मी उचलून कॅमेऱ्यापुढे धरला. पेठ, दुकानांचे दिवे, तुम्ही बूट घालून ताठ चाललेले, काठी एका हातात, मी दुसऱ्या हाताला, आणि मागे पाटील ओट्यावर उभा. ती स्क्रीनजवळ सरकली. त्यांच्या पोस्टकार्डात तुमचा चेहरा फेट्याच्या सावलीत आहे, नीट दिसतही नाही. दोन दिवसांत वरून निरोप की हा फोटो हवाच, दोन पानांवर पसरून छापू. तेव्हा म्हटलं, आता बाजाराची भाषा बोलू. पिढ्यान्‌पिढ्या काढा, निष्ठा काढा, निवृत्ती काढा, माझा वारसा काढा. खाली पूर्ण नाव आणि एवढंच लिहा: वेस आतून लावून, बूट घालून, ते पेठेतून घरी जात. एक दिवस त्यांनी काठी परत केली. जातीचं नाव नाही, वाळीत टाकल्याचं नाही, कोणाला आक्षेप घ्यायला जागा नाही. ज्याला कळायचं त्याला वाचताक्षणी कळेल, आणि ज्याला कळणार नाही तो निदान विचारेल की आतून का आणि बूट का. त्यांच्या ब्रँडवाल्यांना ते 'पोएटिक' वाटलं. वाटू दे.

अडलं ते नावावर. त्यांच्या पुस्तकात सगळ्यांचं पहिलं नाव आणि आडनाव असतं, मधलं नाव गाळतात, म्हणे स्टाइल आहे. मला प्रूफ आलं त्यात तुम्ही होतात आणि आडनाव होतं. मी परत पाठवलं. पुन्हा तसंच आलं, पुन्हा परत पाठवलं. मुलगी कंटाळून म्हणाली, "मॅम, मिडल नेम एवढं इम्पॉर्टंट आहे का?" मी म्हटलं, "ते मिडल नेम नाही गं. तो माणूस आहे. पहिल्यांदा काठी ठेवली ती त्याने." माझ्या स्वतःच्या नावात लग्नानंतर सासूबाईंनी कितीही तोंड वाकडं केलं तरी मी मधून तुम्हाला हलू दिलं नाही, मग तुमच्या मधून आज्याला कशी हलू देईन. आजा आणि तुम्ही किती वर्षं एका पंगतीला बसला नाहीत. आता एका ओळीत बसा, गढीच्या पुस्तकात, सुलतानानंतर थोड्याच पानांवर. मधलं नाव गाळायचं तर फोटोही गाळा, असं लिहून मी माझा लॅपटॉप बंद केला. चार दिवस काही उत्तर नाही. मी कामावर सगळ्यांच्या अंगावर धावून जात होते, नवऱ्याने दोनदा बाहेरचं जेवण आणलं.

आज संध्याकाळी तिचा कॉल आला. मान्य केलंय त्यांनी, तिन्ही नावं, कधी नव्हे ते स्टाइल मोडून. ती खूश होती, पोरीने तिकडे भांडण केलं असावं, पर्सनली बाजूने होती ते खोटं नव्हतं म्हणायचं. मी तोंड वर करून म्हटलं, मोडणारच होती, मला माहीत होतं. मला काही माहीत नव्हतं.

हे तुम्हाला कळवायला कुठला पत्ता घालू, म्हणून हे कागद इथेच ठेवते. पण एक राहिलं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "मॅम, छपाईला जायच्या आधी पूर्ण नाव एकदा तुमच्या तोंडून ऐकवाल? स्पेलिंगची चूक नको." साधी गोष्ट. मी ऐटीत सुरुवात केली. तुमचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, आणि आडनाव तोंडातून निघेना. इतकी वर्षं तुम्ही अण्णा आणि तो आजा. या देशात आल्यापासून ती दोन नावं मी मोठ्याने उच्चारलीच नव्हती, आणि आज ती एकापाठोपाठ एक घेतली. ती स्क्रीनवरून "हॅलो, हॅलो, मॅम, आवाज येतोय?" करत होती. मी कॅमेरा बंद केला आणि नंतर तिला मेसेज टाकला की इथे वारा सुटला की नेट जातं. नेट चांगलं चालू होतं, अण्णा.